ऑइल फिल्टर काढायचा कसा आणि आवळायचा किती

घरी गाडीचं ऑइल बदलायला घेतलं की काम अडतं ते बहुधा एकाच जागी. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या बुडाशी तेल साठतं त्या भागाचा, बोल्ट सुटतो, काळं तेल भांड्यात उतरतं, आणि मग फिल्टर काही केल्या फिरत नाही. हात तेलकट, जागा अडचणीची, त्यात मागच्या खेपेला कोणीतरी पाना लावून तो करकचून आवळलेला. जोर लावला की पत्र्याचा डबा दबतो, स्क्रू ड्रायव्हर खुपसला की फाटतो. हे दुखणं सुरू होतं ते आधीच्या वेळी फिल्टर बसवताना. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो : डब्यासारखा साधा फिल्टर हातानेच आवळावा. पाना लागला तर फक्त काढताना.

यामागचं कारण कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात. फिल्टरच्या तोंडाशी रबराची गोल रिंग असते आणि इंजिनच्या बाजूला तिच्यासाठी गुळगुळीत, सपाट बैठक असते. तेल अडवून धरते ती ही रिंग. मधल्या आट्यांचं काम एवढंच, की रिंग बैठकीवर बेताने दाबून ठेवायची. कुकरच्या झाकणाची रिंग नीट बसली नसेल तर झाकण कितीही दाबा, वाफ बाजूने निसटतेच, इथेही तसंच. इंजिन वेगात फिरत असताना या जागी तेलाचा दाब साधारण तीन ते पाच बार असतो. टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते, त्यावरून अंदाज घ्या. रिंग चुकीची बसली तर तेल थेंबथेंब न गळता उडतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो. उलट जास्त आवळलं तर रिंग चेपते, कडेने बाहेर येते, इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन बैठकीला चिकटते. पुढच्या वेळी जो फिल्टर हलत नाही, तो हाच.

आपल्या गाडीत कोणता फिल्टर आहे?

बहुतेक पेट्रोल गाड्यांना पत्र्याचा बंद डबा असतो, तो अख्खा फिरवून काढायचा आणि टाकून द्यायचा. काही इंजिनांत मात्र कागदी घड्यांचं नुसतं एलिमेंट असतं आणि ते टोपणाच्या आत बसतं. जुन्या स्विफ्ट, डिझायरच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात असंच आहे. या लेखाचा बराचसा भाग डब्याच्या फिल्टरबद्दल आहे. टोपणवाल्याचं वेगळं जे आहे ते पुढे सांगतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि काम सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या. हौस वॉरंटी संपल्यावरही भागवता येते.

सामान

फिल्टर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल, आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर. वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो म्हणून लोक जुनाच लावतात आणि मग बोल्टही जास्त आवळतात. तसं करू नका. ऑइल किती लागेल हेही मॅन्युअलमध्येच बघा. लहान पेट्रोल गाड्यांना फिल्टरसकट साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, पण प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा.

फिल्टर घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगा. 'सगळ्यांना हाच चालतो' असं दुकानदार म्हणाला तरी खोका उघडून बघा. रिंग खाचेत सरळ बसलेली हवी, तिला चीर नको, आटे स्वच्छ हवेत, छपाई पुसट नको. डुप्लिकेट फिल्टर बाजारात भरपूर आहेत. आतला कागद, आणि गाडी बंद असताना तेल फिल्टरमध्येच धरून ठेवणारा रबरी व्हॉल्व्ह हलका निघाला, तर बाहेरून काही कळत नाही. फक्त रोज सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड ऐकू येते, कारण तेल वर पोचायला वेळ लागतो.

फिल्टर काढायचा पाना हे दुसरं महत्त्वाचं खरेदीचं सामान. तीन प्रकार मिळतात. कप पाना टोपीसारखा फिल्टरच्या बुडावर बसतो. मापाचा मिळाला तर याच्यासारखा दुसरा नाही, पण त्यासाठी डब्याचा व्यास आणि बुडावरचे पैलू मोजून न्यावे लागतात. पट्टा पाना किंवा चेन पाना कोणत्याही मापाला चालतो, मात्र दांडा फिरवायला बाजूला जागा हवी. तीन नखांचा पाना बुडाकडून पकडतो आणि जोर लावाल तसतसा अधिक घट्ट धरतो. अडचणीच्या जागेसाठी मला तोच आवडतो. नागपुरात इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं पाहून, हातात धरून घेता येतं. ऑनलाइन घेतलेला कप पाना एखाद्या मिलिमीटरने सैल निघाला की नुसता गरगर फिरतो.

जागा आणि वेळ

मे महिन्यात नागपुरात हे काम दुपारी करायचं नाव काढू नका. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना गाडीखाली झोपणं हा जिवाशी खेळ आहे, आणि उभ्या गाडीचं इंजिनही लवकर निवत नाही. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असो वा नसो, उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरुवात करा. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेल कोमट हवं : थंड तेल पूर्ण उतरत नाही, आणि गाडी फिरवून आल्या आल्या काढलं तर हात भाजतो. फिल्टरला हात लावून धरवत असेल तरच पुढे जा.

गाडी उचलावी लागणार असेल तर जमिनीकडे नीट बघा. मानेवाडा, बेसा, वाठोडा या बाजूच्या नव्या ले-आउटमध्ये बऱ्याच घरांपुढे फरशी नसते, थेट काळी माती असते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, दोन्ही वेळा जॅकचा पाय तिच्यात रुततो. अशा जमिनीवर गाडी उचलूच नका. शेजाऱ्याच्या सिमेंटच्या पोर्चमध्ये लावायची परवानगी मागा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. खाली जायचं तर जॅक स्टँड हवेतच. विटांच्या थरावर गाडी टेकवू नका, वीट वजनाने न सांगता फुटते. स्टँडवर टेकल्यावर गाडीला खांद्याने धक्का देऊन बघा. हलली तर परत लावा. किल्ली काढून खिशात ठेवा, म्हणजे घरातलं कोणी सहज स्टार्टर मारणार नाही.

खाली अंथरायला संत्र्याचे पुठ्ठ्याचे खोके उलगडून घ्या. ते तेल चांगलं शोषतात. भांडं म्हणून पाच लिटरचा ऑइलचा रिकामा कॅन एका बाजूने कापून आडवा ठेवला तरी चालतो.

तेल उतरवणं

यात विशेष काही नाही. वरचं ऑइलचं टोपण उघडा, डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) थोडी वर ओढून ठेवा, मापाच्या रिंग पान्याने ड्रेन बोल्ट सोडवा. पहिली धार बोल्टच्या समोर उडते, म्हणून भांडं थोडं पुढे. शेवटचे आटे सुटताना बोल्ट आत दाबून धरा आणि मग झटक्यात बाजूला घ्या. धार थेंबांवर आली की बैठक पुसून नव्या वॉशरसह बोल्ट लावा. किती आवळायचा ते मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तिथले आटे गेल्यावर होणारा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

फिल्टर काढणं

भांडं आता फिल्टरच्या खाली सरकवा. तो सुटताच त्यातलं तेल कडेने ओघळतं आणि नेमकं मनगटावरून कोपरापर्यंत येतं, म्हणून हातमोजे घाला आणि बाही वर करा. आसपास सायलेन्सरचा पाइप किंवा बेल्ट असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा.

आधी दिशा. फिल्टरच्या बंद बुडाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवल्यावर तो सुटतो. गोंधळ होतो तो वरून वाकून काम करताना. फिल्टर खाली लोंबतोय आणि तुम्ही बॉनेटमधून बघताय, म्हणजे तुम्ही त्याच्या तोंडाकडून बघताय. तेव्हा सुटण्याची दिशा तुम्हाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिसेल. न हलणारा फिल्टर कित्येकदा उलट आवळला जात असतो, म्हणून जोर लावण्याआधी दहा सेकंद थांबून बूड कुठे आहे ते बघा.

पहिला प्रयत्न हातानेच. डबा कोरड्या फडक्याने अगदी लख्ख पुसा, तेलाचा पातळ थर राहिला तरी पकड सुटते. मग रबरी हातमोजा घालून डबा इंजिनकडच्या कडेजवळ धरा. तिथला पत्रा तोंडाच्या जाड चकतीला जोडलेला असतो, त्यामुळे दबत नाही. मधोमध धरलं तर पत्रा आत जातो आणि सगळा जोर त्याला चेपण्यातच जातो. हाताने सुटलाच नाही तर जाड पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे ठेवून गुंडाळा आणि त्यावरून धरा. पुष्कळ फिल्टर एवढ्यावर सुटतात.

त्यानंतर पाना. पट्टा किंवा चेनही कडेजवळच लावा, मध्ये नको. झटके देऊ नका. सारखा, वाढता जोर देत राहा. चिकटलेली रिंग झटक्याने फाटते, संथ जोराने मात्र हळूहळू सुटते. पहिली पाव फेरी हाच खरा लढा असतो. ती झाली की पुढे डबा बोटांनी फिरतो.

आणि स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची ती प्रसिद्ध युक्ती? तिच्या नादी लागू नका. फार घट्ट फिल्टरचा पत्रा त्या भोकापासून कागदासारखा फाटत जातो आणि हातात नुसत्या चिंध्या येतात. चकती तशीच इंजिनला चिकटलेली राहते आणि आता पाना लावायला डबाही उरत नाही. असं झालंच तर चकतीच्या कडेला किंवा तिच्यावरच्या भोकाला बोथट छिन्नी तिरपी टेकवून हलक्या हातोडीने सुटायच्या दिशेने टोचे मारत फिरवावी लागते, तेही बैठकीला ओरखडा न पाडता. हाताला सवय नसेल तर तिथे थांबा आणि ओळखीच्या मिस्त्रीला घरी बोलवा. तेल काढलेली गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यायची नाही, चार घरं ओलांडायलाही नाही.

बैठक बघणं : हे टाळायचं नाही

फिल्टर हातात आला की उलटा करून त्याच्या तोंडाकडे बघा. रबराची रिंग तिथे आहे? असेल तर ठीक. नसेल तर ती वर इंजिनला चिकटून राहिली आहे. काळ्या ब्लॉकवर, काळ्या तेलात, काळी रिंग नजरेला दिसत नाही. म्हणून बोट फिरवून, टॉर्च मारून खात्री करा. जुन्या रिंगवर नवा फिल्टर बसवला तर तो व्यवस्थित आवळल्यासारखा वाटतो, स्टार्ट केल्यावर मिनिटभर कोरडाही राहतो, आणि एक्सलेटर दाबला की दोन रबरांच्या मधून तेल उडतं. फिल्टर बदलल्यावर लगेच झालेल्या मोठ्या गळतीत सगळ्यात आधी हेच तपासावं.

तसाच मधला आट्यांचा निपल, म्हणजे ज्यावर फिल्टर आवळला जातो ती आखूड नळी. कधीकधी तो जुन्या फिल्टरबरोबरच निघून येतो. इंजिनकडे निपल दिसला नाही तर तो जुन्या फिल्टरमधून काढून परत जागेवर घट्ट बसवावा लागतो.

मग बैठक स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने गोल फिरवत पुसा. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ वर्षभर हवेत असते, त्यामुळे नवा फिल्टर खोक्यातून बसवायच्या क्षणीच काढा. आधीपासून ओट्यावर उघडा ठेवू नका. जुना आणि नवा शेजारी धरून रिंगचा व्यास आणि मधलं भोक जुळतंय ना ते बघा. उंची थोडी कमी-जास्त असली तर एक वेळ चालेल, रिंग आणि आटे मात्र तेच हवेत.

बसवणं

नवं ऑइल बोटावर घ्या आणि रिंगवर सगळीकडे पातळ फिरवा. ग्रीस नको, जुनं तेल नको. कोरडी रिंग बैठकीला धरते, पिळते आणि अर्धवट दबूनच 'आवळला' असं भासवते. तेल लावलेली रिंग सरकत सरकत सपाट बसते, आणि पुढच्या वेळी सुटतेही.

फिल्टर तोंड वर करून सरळ उभा बसत असेल तर तो अर्धा नव्या तेलाने भरून घेता येतो. तेल कडेच्या लहान भोकांतून ओता, मधल्या मोठ्या भोकातून नको. मधून ओतलेलं तेल गाळलं न जाता थेट इंजिनात जातं. आडवा बसणारा फिल्टर भरायच्या भानगडीत पडू नका, सगळं सांडतं.

आता फिल्टर निपलला टेकवा आणि आधी उलटा, सुटायच्या दिशेने, हळू फिरवा. आट्यांची सुरुवात जुळली की हलकासा 'टक्' जाणवतो आणि डबा किंचित आत बसतो. तिथून पुढे आवळायला लागा, दोन बोटांनी. पहिल्या दोन-तीन फेऱ्या बिनजोर गेल्या पाहिजेत. अडकला तर आटे तिरपे लागलेत. काढा आणि पुन्हा लावा.

फिरता फिरता एका जागी रिंग बैठकीला टेकते. तोपर्यंत डबा मोकळा फिरत असतो, आणि मग बोटांना किंचित ओढ लागते. या सगळ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण. शंका वाटली तर अर्धी फेरी मागे घेऊन परत हळू या, ओढ त्याच जागी लागली पाहिजे. तिथे मार्करने डब्यावर एक रेघ आणि तिच्या समोर इंजिनवर दुसरी रेघ मारा.

या रेघेपासून पाऊण फेरी. बहुतेक फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर असंच लिहिलेलं असतं. काहींवर एक फेरी दिलेली असते, तेव्हा तेच पाळा. काही कंपन्या बुडावर १, २, ३, ४ असे आकडे छापतात, ते याच मोजणीसाठी. जागा अडचणीची असेल तर हात उचलून, परत पकडून, तुकड्या-तुकड्याने फिरवा. रेघ आहे म्हणून हिशेब चुकत नाही. शेवटची पाव फेरी जड जाते, तेव्हा कोरडं फडकं धरून फिरवा. हात पोचतच नसेल तर कप पान्याला नुसता लहान दांडा लावून वळवा, पण तेव्हाही मोजायची फेरीच. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल आणि टॉर्क पाना असेल तर तो वापरावा. लहान गाड्यांत हा आकडा सहसा १४ ते १८ न्यूटन मीटरच्या घरात असतो आणि तो मजबूत हाताच्या आवाक्यातला आहे. 'अजून थोडा' हा मोह आवरा.

टोपणवाल्या फिल्टरचं वेगळं एवढंच : टोपणाची ओ-रिंग दर वेळी नवी, आणि ती अगदी जुनी होती त्याच खाचेत. टोपणावर खाचा दोन-तीन असतात, चुकीच्या खाचेत बसवली की तेल येणारच. टोपण बहुतेक प्लॅस्टिकचं असतं आणि त्यावर टॉर्कचा आकडा छापलेला असतो, पुष्कळदा २५ न्यूटन मीटर. इथे मात्र पाऊण फेरीचा नियम चालत नाही, आकडाच पाळावा.

तेल भरणं आणि पहिला स्टार्ट

मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी ओता, टोपण लावा, खाली सांडलेलं सगळं पुसून कोरडं करा. कोरडं नसेल तर नवी गळती ओळखणार कशी? मग स्टार्ट करा, एक्सलेटरला पाय न लावता. ऑइलचा लाल दिवा पाच-दहा सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा आणि कारण शोधा.

दोन मिनिटं इंजिन चालू असताना फिल्टरच्या कडेवर टॉर्च मारून बघा. मग बंद करा, पाच मिनिटं थांबा, गाडी सपाट जमिनीवर उतरवून डिपस्टिक बघा आणि दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे येईल इतकं तेल भरा. खुणेच्या वर भरणं चांगलं नाही. जास्तीचं तेल फिरत्या क्रँकला लागून फेसाळतं.

कडेला ओल दिसली तर घाईने पाना लावू नका. इंजिन निवू द्या, पुसून घ्या, हाताने आणखी अष्टमांश ते पाव फेरी द्या. तरीही ओल आली तर तो सैलपणा नव्हे, रिंग दुमडली आहे किंवा बैठकीवर काहीतरी राहिलं आहे. काढून बघणं हाच उपाय.

जुनं तेल आणि जुना फिल्टर

वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं. ते नालीत ओतलं तर नाग नदीत जातं, तिथून कन्हानमध्ये, आणि कन्हान वैनगंगेला मिळते, म्हणजे गोसेखुर्द धरणाच्या पाण्यापर्यंत आपलं तेल पोचतं. मातीत ओतलं तर तिथे वर्षानुवर्षं काही उगवत नाही. जुनं तेल नव्या ऑइलच्या रिकाम्या झालेल्या, न कापलेल्या कॅनमध्ये भरा, पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू नका, आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा ड्रम अधिकृत रिसायकलरकडे जातो तिथे द्या. देताना तसं विचारा. विचारणारे ग्राहक असले की गॅरेजवालेही नीट करतात. फिल्टर तोंड खाली करून एक रात्र भांड्यावर निथळत ठेवा, त्यातून बरंच तेल निघतं. मग तोही तिथेच द्या.

त्यानंतर

नव्या फिल्टरच्या डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. मारुतीसारख्या गाड्यांना नेहमीच्या वापरात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते, असं वेळापत्रक असतं. धुळीचा रस्ता आणि गर्दीत रोज दोन-चार किलोमीटरचीच धाव असेल तर मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी दिलेलं लहान अंतर पाळा.

पहिले पन्नास-साठ किलोमीटर शहरातच चालवा आणि मग एकदा वाकून फिल्टरची कड बोटाने चाचपा. कोरडी असेल तर हरकत नाही. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० च्या वेगाने निघायचं असेल तर ही तपासणी आधी आटोपलेली असू द्या. तिथे लाल दिवा लागलाच तर 'पुढच्या टोलपर्यंत जाऊ' असा विचार न करता गाडी डाव्या कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि धोक्याचे दिवे लावून टोईंगला फोन करा.